साडेतीन आठवड्यांचं पिल्लू: आईविना वाढवताना घेतलेले निर्णय

पार्श्वभूमी

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं तेव्हा देणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं, "दीड महिन्याचं आहे, सगळं खातं." पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिलं आणि वयाबद्दलची खात्री तिथेच संपली. सुळ्यांची टोकं हिरडीतून नुकती वर आली होती, पुढचे दात बोटाला जेमतेम लागत होते आणि दाढांचा पत्ता नव्हता. दीड महिन्याच्या पिल्लाच्या दाढा बोटाला लागतात. डोळ्यांवर अजून निळसर झाक होती, मागचे पाय चालताना एका बाजूला झुकत होते. वय २४-२५ दिवस धरलं. मध्यम आकाराच्या मिश्र जातीचं नर पिल्लू, वजन १,१४० ग्रॅम.

घरात नोकरी करणारे आई-वडील, ११ वर्षांची मुलगी आणि दिवसभर घरी असणारी आजी. कुत्रं पाळण्याचा अनुभव कुणालाच नव्हता. मादीचं दूध आटलं म्हणून एका वेतातली पाचही पिल्लं चार दिवसांत वेगवेगळ्या घरी दिली गेली होती. मधल्या काळात या पिल्लाला पाणी घातलेलं गाईचं दूध मिळत होतं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात, दुग्धशर्करा मात्र कमी असते. त्यामुळे गाईच्या दुधाने एकीकडे जुलाब होतात आणि दुसरीकडे पिल्लू उपाशीच राहतं. त्यात पाणी घातलं की उपासमार आणखी वाढते.

अडचण

पहिल्या तपासणीत गुदद्वारातून घेतलेलं तापमान ३५.६ अंश सेल्सिअस होतं. या वयात ते ३७ च्या वर असायला हवं. अंगात पाणी कमी पडल्याने हिरड्यांना बोट चिकटत होतं, पोट ढोलासारखं फुगलेलं आणि फासळ्या मात्र हाताला लागत होत्या. शी पातळ आणि पिवळसर.

हे झालं शरीराचं. दुसरी अडचण त्या दिवशी दिसण्यासारखी नव्हती. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून १२-१४ आठवड्यांपर्यंतचा काळ कुत्र्याच्या सामाजिक घडणीचा असतो. त्यातले पहिले चार-पाच आठवडे आई आणि भावंडं शिक्षकाचं काम करतात. भावंडाला जोरात चावलं तर ते केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. लुचायला गेलेल्या पिल्लावर आई गुरगुरते, उठून जाते. दात किती जोराने लावायचे आणि हवं ते लगेच मिळालं नाही तर काय करायचं, हे पिल्लू तिथे शिकतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात ३० ते ४० दिवसांत आईपासून तोडलेल्या आणि दोन महिन्यांनी वेगळ्या झालेल्या कुत्र्यांची तुलना केली होती. अति भुंकणं, फिरायला नेल्यावर घाबरणं, आवाजाला दचकणं, खाणं आणि खेळणी राखणं या तक्रारी पहिल्या गटात जास्त आढळल्या. हे पिल्लू त्या गटापेक्षाही लवकर तुटलेलं होतं.

माणसं पिल्लाला ऊब आणि दूध आनंदाने देतात. आईचा नकार मात्र त्यांच्याने देववत नाही. या प्रकरणातल्या बहुतेक चुका तिथूनच निघाल्या.

समोरचे पर्याय

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे पिल्लू परत आईकडे नेणं. चार दिवसांचा खंड पडला असला तरी अनेक माद्या पिल्लू स्वीकारतात, आणि दूध आटलेली आईसुद्धा शिस्त लावायला उपयोगी असते. फोन केल्यावर कळलं की मादीला दुसरीकडे हलवलं आहे. तो रस्ता बंद झाला.

दुसरा पर्याय दूध पाजणाऱ्या दुसऱ्या मादीचा. तशी एक मादी मिळालीही, तिची स्वतःची पिल्लं तीन आठवड्यांची होती. पशुवैद्यांनी स्पष्ट नकार दिला. या पिल्लाला जुलाब होत होते, त्याला जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत पुरेसा चीक मिळाला होता की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पार्वोसारखा जीवघेणा विषाणूजन्य आजार अंगात मुरत असेल तर ते सगळं वेत धोक्यात येणार होतं. घरच्यांना हा नकार जड गेला, पण तो योग्यच होता.

उरले दोन पर्याय: पिल्लू फक्त माणसांमध्ये वाढवायचं, किंवा माणसांनी पोसायचं आणि एखाद्या शांत, पूर्ण लसीकरण झालेल्या मोठ्या कुत्र्याची नियमित सोबत द्यायची. मुलीच्या आत्याकडे सहा वर्षांची मादी होती. दुसरा पर्याय ठरला. सोबत कधी सुरू करायची, यावर मात्र मतभेद झाले. त्याकडे पुढे येऊ.

पहिले तीन दिवस

गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजायचं नाही, ऊब द्यायची. हा क्रम चुकला तर पिल्लू जाऊ शकतं. शरीर थंड असताना आतडी जवळजवळ थांबलेली असतात, त्यामुळे दूध पोटात साचून आंबतं किंवा उलटून श्वासनलिकेत जातं. पुठ्ठ्याच्या खोक्यात एका बाजूला गरम पाण्याची बाटली दोन पदरी टॉवेलात गुंडाळून ठेवली. दुसरी बाजू मुद्दाम मोकळी सोडली, म्हणजे गरम झाल्यावर पिल्लाला सरकता येईल. सव्वा तासात तापमान ३७.२ झालं. भराभर तापवणं घातक असतं, तासा-दोन तासांत हळूहळू वाढवायचं. पशुवैद्यांनी कातडीखाली सलाईन दिलं आणि मग दूध सुरू झालं.

प्रमाणाचा हिशोब असा. या वयाच्या पिल्लाला दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण २० किलोकॅलरी लागतात, म्हणजे १,१४० ग्रॅमला सुमारे २३०. वापरलेल्या पिल्लांच्या दूध पावडरीचं तयार दूध मिलिलिटरमागे जवळपास १ किलोकॅलरी देत होतं. दिवसाला २३० मिलिलिटर, सहा वेळांत वाटून दर वेळी ३८. जठराची मर्यादा १०० ग्रॅममागे साधारण ४ मिलिलिटर, म्हणजे एका वेळी ४५ च्या पुढे जायचं नाही. पिल्लू कितीही कुरकुरलं तरी नाही. पहिल्या दोन वेळा निम्म्या ताकदीचं, पुढच्या दोन वेळा पाऊण आणि मग पूर्ण दाट. एकदम दाट दिलं असतं तर जुलाब वाढले असते.

तिसऱ्या रात्री घात होता होता राहिला. पाळी वडिलांची होती. झोपेच्या भरात त्यांनी पिल्लाला तान्ह्या बाळासारखं कुशीत उताणं धरलं. बाटलीच्या बोंडाचं भोक त्याच दिवशी कात्रीने मोठं केलेलं होतं, कारण "त्याला ओढायला त्रास होतोय". चार घोटांत ठसका लागला आणि दोन्ही नाकपुड्यांतून दूध आलं. त्यांनी लगेच पिल्लाचं डोकं खाली केलं, नाक पुसलं आणि पाजणं थांबवलं. एवढं अगदी बरोबर झालं. सकाळी पशुवैद्यांनी छाती तपासली. पुढचे तीन दिवस झोपेतले श्वास मोजून लिहिले गेले. मिनिटाला ४० च्या वर गेले, अंग तापलं किंवा दूध नाकारलं तर ताबडतोब दवाखाना, असं ठरलं होतं. सुदैवाने न्यूमोनिया झाला नाही.

पिल्लाला नेहमी पालथं, पोटावर ठेवून पाजायचं, मान किंचित वर, आईखाली लुचताना असते तशी. बोंडाला भोक तापवलेल्या सुईने पाडायचं. बाटली उलटी धरल्यावर दूध आपोआप गळता कामा नये, हलकं दाबल्यावर एक थेंब यावा.

या घटनेतून एक निर्णय बदलला. साडेतीन आठवड्यांचं पिल्लू पसरट ताटलीतून चाटू शकतं. बाटली मुख्यतः माणसांच्या हौसेपायी सुरू होती. चौथ्या दिवसापासून कोमट दूध ताटलीत, पिल्लाच्या जिभेला एक थेंब लावून. पहिल्या दिवशी निम्मं दूध पंजांना लागलं, तिसऱ्या दिवशी ताटली स्वच्छ. लुचण्याची ओढ मात्र राहिली. पिल्लू झोपताना चादरीचं टोक चोखायचं. ते तसंच चालू दिलं, फक्त सुटे धागे कापून टाकले. सहाव्या आठवड्यात ते आपोआप कमी झालं.

वजन, जंत, लस

रोज सकाळी पहिल्या दुधाआधी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन. दुसऱ्या दिवशी १,११०, चौथ्या दिवशी १,१६५, चौदाव्या दिवशी १,७८०. पहिली घट पाणी कमी पडल्याची होती. सलग दोन दिवस वजन वाढलं नाही तर ते आजाराचं पहिलं लक्षण धरायचं. पिल्लू मलूल दिसायच्या आधी काटा सांगतो.

गोलकृमी बहुतेक पिल्लांना आईच्या पोटातूनच आणि नंतर दुधातून मिळतात. प्रकृती सावरल्यावर, तिसऱ्या दिवशी जंतनाशक दिलं. दुसऱ्या दिवशी शीमध्ये पांढुरके, दोऱ्यासारखे जंत पडले आणि आठवड्याभरात पोटाचा नगारा उतरला. दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत मात्रा चालू ठेवली, वजनाप्रमाणे दर वेळी नव्याने काढून. घरात लहान मुलगी असल्याने शी लगेच उचलायची, हा नियम काटेकोर पाळला. या जंताची अंडी बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला साधारण दोन आठवडे घेतात, म्हणून रोज साफ केलं की धोका बराच कमी होतो.

वयाच्या ३० व्या दिवसापासून पिल्लांचं कोरडं खाद्य गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून, कुस्करून, दूध पावडरीच्या दुधात पातळ कालवून. बारा दिवसांत दूध कमी करत ४२ व्या दिवशी फक्त भिजवलेलं खाद्य, दिवसाला चार वेळा. पहिली लस सहाव्या आठवड्यात, मग दर तीन आठवड्यांनी, शेवटची १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते आणि ती नेमकी कधी ओसरते हे पिल्लागणिक बदलतं, म्हणून शेवटची मात्रा लवकर उरकायची नसते.

मोठ्या कुत्रीची सोबत

पशुवैद्यांचं म्हणणं होतं, आठ दिवस पिल्लू वेगळं ठेवा, जुलाब थांबले आणि ताप नसला की आत्याच्या मादीला भेटवा. तिचं लसीकरण पूर्ण होतं आणि दोघं घरातच भेटणार होती. घरचे संसर्गाला घाबरले. शिवाय आजीला वाटत होतं की मोठी कुत्री पिल्लाला फाडेल. भेट सोळाव्या दिवशी झाली, पिल्लू सुमारे ४१ दिवसांचं असताना.

या उशिराची किंमत चाव्यांत मोजता येते. वयाच्या ३७ व्या दिवसापासून पिल्लू हात आणि घोटे धरायला लागलं होतं. मुलीच्या मनगटावर रोज तीन-चार ओरखडे. नातेवाइकांचा सल्ला नाकावर टिचकी मारायचा. ती दोनदा मारली गेली आणि तिसऱ्यांदा पिल्लू हात जवळ येतानाच गुरगुरलं. ते तिथेच बंद केलं. जोरात "आई गं!" ओरडून पाहिलं. काही पिल्लं त्याने थबकतात, हे पिल्लू आणखी चेकाळलं. शेवटी जमलं ते असं: दात लागताक्षणी गप्प व्हायचं, उठायचं, आडव्या लावलेल्या फळीपलीकडे जाऊन १५-२० सेकंद थांबायचं आणि परत येऊन खेळायला कापडाची दोरी द्यायची, हात नाही. नोंदवहीत आणखी एक गोष्ट दिसली. पिल्लू तासाहून जास्त जागं राहिलं की चावे दुपटीने वाढत. या वयात दिवसातले १८-२० तास झोपेत जातात. चिडक्या पिल्लाला खोक्यात आडवं केलं की पाच मिनिटांत ते झोपायचं.

पहिल्या भेटीत मादी आडवी पडली होती. पिल्लाने तिचा कान धरून ओढला. ती ताठ झाली. ओठ वर गेला, घशातून बारीक गुरगुर. पिल्लू सोडेना. तिने हवेत दात वाजवले, पिल्लाच्या नाकापासून दोन बोटांवर, स्पर्श न करता. पिल्लू किंचाळून मागे बसलं. आजी उठल्या, पण आत्याने त्यांना हाताने थांबवलं. साधारण अर्ध्या मिनिटाने पिल्लू पोट जमिनीला टेकवत पुढे सरकलं आणि मादीच्या तोंडाचा कोपरा चाटू लागलं. तिने मान वळवली, बस. त्या दुपारी हेच आणखी दोनदा घडलं. चौथ्यांदा पिल्लाने कान तोंडात घेतला, पण ओढला नाही.

मध्ये कधी पडायचं, हे आधीच ठरवलेलं होतं. पिल्लू माघार घेऊनही मादी मागे लागली, पिल्लाला निसटायला जागा उरली नाही किंवा दात खरोखर लागले, तर. तसं एकदाही झालं नाही. आठवड्यातून तीन भेटी, प्रत्येकी २० मिनिटं. त्यापुढे मादी कंटाळायची. दोन आठवड्यांत माणसांच्या हातावर वळ उठणं जवळपास थांबलं.

रडणं आणि एकटेपणा

रात्री खोकं पलंगाला टेकून ठेवलं, हात लोंबकळला तर पिल्लाला वास यावा इतकं जवळ. भावंडांच्या ढिगात झोपणाऱ्या जिवाला पहिल्याच रात्री वेगळ्या खोलीत रडत ठेवण्यात काही फायदा नाही. तीन आठवड्यांनी खोकं हळूहळू दाराकडे सरकवलं.

दिवसा मात्र चूक झाली. चौघेही आळीपाळीने पिल्लाला उचलून फिरायचे. आवाज काढला की कुणीतरी धावायचं. सात आठवडे पूर्ण होईपर्यंत ते जागेपणी एक मिनिटही एकटं राहिलं नव्हतं. आजी पाच मिनिटं दाराबाहेर गेल्या तेव्हा ते लाळ गळेपर्यंत ओरडलं. मग पायरी पायरीने सुरुवात केली. फळीपलीकडे पाच सेकंद, ओरडण्याआधी परत यायचं. दहा, वीस, चाळीस. परत आल्यावर लाड नाहीत. एका मिनिटावर पोचायला नऊ दिवस लागले, पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत त्याहून कमी.

बाहेरच्या जगाची ओळख लसी पूर्ण व्हायची वाट न पाहता सुरू झाली, पण पाय जमिनीला न लावता. पार्वोचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. म्हणून बाहेर जाताना पिल्लू चादरीत गुंडाळून कडेवर आणि घरच्यांच्या चपला-बूट दाराबाहेर. रोज दहा मिनिटं वाहनं, छत्र्या, काठी टेकत चालणारी माणसं, लहान मुलांचा गलका लांबून. अंग चोरलं की अंतर वाढवायचं. पहिल्या लसीनंतर आठवडा गेल्यावर लसीकरण झालेल्या समवयस्क पिल्लांबरोबर स्वच्छ फरशीवर खेळायला हरकत नसते. तशी सोय शोधायला घरच्यांनी उशीर केला.

परिणाम

आठव्या आठवड्यात वजन ३.४ किलो. सहा महिन्यांचं झालं तेव्हा तोंड मऊ झालेलं होतं. खेळात हात तोंडात आला तरी दाब येत नसे. इतर कुत्र्यांची देहबोली ते वाचायचं, गुरगुर ऐकली की बाजूला व्हायचं. तीन तास एकटं शांत राहायचं.

काही गोष्टी राहिल्याच. भांडं पडलं, दार आपटलं की ते टेबलाखाली जातं आणि बाहेर यायला काही मिनिटं घेतं. नवव्या आठवड्यात खाताना गुरगुरणं सुरू झालं होतं. "मालक कोण ते कळू दे" म्हणून कुणीतरी वाटी काढून घेत होतं, त्याने ते वाढलं. वाटी काढणं बंद केलं आणि जाता-जाता वाटीत आणखी चांगला घास टाकायला सुरुवात झाली. जेवणावरचं गुरगुरणं महिन्याभरात गेलं. चघळायचं हाड मात्र ते अजून राखतं, म्हणून ते बंद दाराआड दिलं जातं आणि मुलगी तिथे जात नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बाटली पहिल्याच दिवशी ताटलीने बदलता आली असती, म्हणजे ती तिसरी रात्र आलीच नसती. एकटं राहण्याची सवय पाचव्या आठवड्यातच, झोपेतून उठल्यावरच्या काही सेकंदांपासून लावायला हवी होती. मोठ्या मादीची भेट पशुवैद्यांनी सांगितलेल्या दिवशी झाली असती तर आठ दिवस मिळाले असते. या वयात आठ दिवस थोडे नाहीत.

भावंडांचा विचार तर कुणी केलाच नाही. देणाऱ्याकडे पाचही घरांचे फोन नंबर होते, ते पहिल्या दिवशी कुणी मागितले नाहीत. नवव्या आठवड्यात सहज बोलण्यातून कळलं की एक बहीण वीस मिनिटांच्या अंतरावर आहे, तीही माणसांतच वाढलेली. दोघांची दुसरी लस झाल्यावर दहाव्या आठवड्यात भेट ठरली. दोघंही फार जोराने चावत होती. बहीण जास्तच, कारण तिला कुठली मोठी मादी मिळाली नव्हती. पहिला खेळ चार मिनिटांत थांबवावा लागला. ती केकाटली, हा थांबला, पुढच्या क्षणी तिने पुन्हा झडप घातली. तेव्हा तो पाठ फिरवून पाण्याच्या भांड्याकडे निघून गेला. ती तशीच उभी राहिली. भेटी दर आठवड्याला चालू ठेवल्या. सहाव्या भेटीत ती दोघं पंचवीस मिनिटं सलग खेळली आणि एकदाही कुणाला मध्ये पडावं लागलं नाही.